आईचा अर्धपुतळा

४ मार्च, मंगळवार

आईचा अर्धपुतळा करायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. आमच्या घरात एखादी गोष्ट सर्वानुमते ठरवायची म्हटलं, तर मतं तेवढी शिल्लक राहतात आणि माणसं जातात.

दहा मेला आईला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या बागेत अनावरण. काम मोठं, मदतीला कोणी नाही, आणि उद्या श्रेय घ्यायला मात्र झुंबड उडेल. तेव्हा कोणी काय केलं याची नोंद असावी म्हणून आजपासून ही दैनंदिनी.

संध्याकाळी दोन्ही भावंडांना फोन केले. मधला परदेशात असतो. म्हणाला, "दादा, झकास कल्पना. पण ब्राँझचाच कर हं, फायबरबियबर नको." ब्राँझला काय पडतं ते सांगायला लागलो, तर त्याची मीटिंग सुरू झाली. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले. हा विमानातून हाकतो.

धाकटीचं कपडे अल्टर करून द्यायचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर ती राहते. आई शेवटची अकरा वर्षं तिच्याकडे होती, त्यामुळे आई ही आपली एकटीची इस्टेट असा तिचा समज झालाय.

"पुतळा?" ती म्हणाली. "दादा, आईला फोटो काढलेला खपायचा नाही."

"म्हणूनच पुतळा."

"आणि तुमच्या सोसायटीत कशाला? तिथे ती अख्ख्या जन्मात चार दिवस राहिली."

"पाच."

"पाचव्या दिवशी उजाडताच पिशवी घेऊन माझ्या दारात होती. चार."

शब्दाला शब्द लावायची खोड. कुणाकडून आली देव जाणे.

९ मार्च, रविवार

शिल्पकाराकडे जाऊन आलो. तो त्याला स्टुडिओ म्हणतो. मला ते गॅरेज वाटलं. दाराशी प्लास्टरची पोती, मधे फिरत्या तिवईवर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक डोकं, आणि भिंतीकडे तोंड करून उभा केलेला एक भारदस्त पुढारी. यांनी काय गुन्हा केला, असं विचारलं. म्हणाला, "निवडणूक हरले. मग कोणी न्यायलाच आलं नाही."

माणूस बोलका आहे, आणि हुशार. "साहेब, खांदे तयार आहेत. यांचेच घेऊ. कॉलर तासून वर शाल टाकली की झालं. मान आणि वरचं तेवढं नवीन करायचं." मी खात्यात चौतीस वर्षं पाणी वाटलं आहे, तयार पाइपलाइन असताना नवी खणू नये, हे मला कोणी शिकवायला नको. होकार दिला.

"आई काय करायच्या?"

"चित्रपटगृहात होत्या."

त्याचे डोळे चमकले. "नटी?"

"प्रशासनात."

इथे खरं लिहायला हरकत नाही. आई तिकीट खिडकीवर बसायची. बाबा गेले तेव्हा मी नववीत होतो. तेव्हापासून ते थेटर बंद पडेपर्यंत. गावभर तिला 'खिडकीवाल्या बाई' म्हणायचे. सिनेमा भिकार असला आणि समोरचा माणूस दमलाभागला दिसला, तर ती तिकीट फाडायच्या आधीच सांगून टाकायची, "शेवटी मरतो तो. घरी जा, झोप काढ." मालकाने किती वेळा तंबी दिली, पण पालथ्या घड्यावर पाणी. असल्या गोष्टी संगमरवरावर कोरण्याजोग्या नसतात.

शिल्पकाराला फोटो हवेत. समोरून, डावीकडून, उजवीकडून. निघताना विचारतो, "आणि साहेब, दात घातलेल्या करू की काढलेल्या?" काय एकेक माणसं असतात!

घरी येऊन कपाट उपसलं. माझ्याकडे आईचे दोन फोटो निघाले. एकात ती माझ्या निरोप समारंभाला दुसऱ्या रांगेत बसली आहे, पण तोंडावर आमच्या साहेबांचा पुष्पगुच्छ आलाय. दुसऱ्यातलं कोपर नक्की तिचं आहे.

१५ मार्च, शनिवार

फोटोंसाठी धाकटीकडे गेलो. ती कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होती. तोंडात टाचण्या धरूनच बोलली, "ये. बस. त्या ढिगावर नको, अख्ख्या बिऱ्हाडाचे इस्त्री केलेले कपडे आहेत."

फोटो तिच्याकडे चिक्कार. पण एकही कामाचा नाही. आई तोंड उघडून झोपलेली. आई शेजारणीशी पत्ते खेळताना, पान लपवताना. आई कात्री घेऊन फोटो काढणाऱ्याच्या अंगावर येताना. आणि हसतानाचे तर डझनभर. सगळ्यांत कवळी काढलेली, डोळे मिटलेले, तळवा कपाळावर मारलेला. पुतळा काय असा करायचा? येणारेजाणारे काय म्हणतील?

शेवटी पेन्शनच्या अर्जासाठी काढलेला एक छोटा फोटो मिळाला. ताठ मान, घट्ट मिटलेले ओठ, समोर रोखलेली नजर.

"हा," मी म्हटलं. "यात निश्चय दिसतो."

"यात कवळी दिसते," धाकटी म्हणाली. "त्याच दिवशी नवीन बसवली होती. हिरड्या सोलवटत होत्या. स्टुडिओबाहेर पडल्या पडल्या काढून रुमालात गुंडाळली."

मी फोटो घेतला. बाजूने काढलेले न्यायचे होते, पण ते सगळे हसणारे. राहू दे म्हटलं.

"जेवून जा," ती म्हणाली. मला बँकेत जायचं होतं. आमची सहकारी बँक शनिवारी अर्धाच दिवस असते हे बाहेर पडल्यावर लक्षात आलं.

२२ मार्च, शनिवार

मातीकामाचा पहिला टप्पा. आम्ही तिघं बघायला गेलो: मी, ही, आणि कन्या. शिल्पकाराने ओलं फडकं काढलं आणि आत पुढारीच निघाला. निवडणूक हरलेला, पण केसांची गाठ बांधलेला.

सूचना सुरू झाल्या. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. मधला व्हिडिओ कॉलवर होता. त्याला हनुवटी 'स्ट्राँग' हवी. तो आईला शेवटचं भेटला तेव्हा तिची हनुवटी कशी होती, असं कन्येने विचारलं. लगेच त्याचं नेटवर्क गेलं.

ही लग्नानंतर पहिल्यांदाच सासूबद्दल मोकळेपणाने बोलली. बराच वेळ तिवईभोवती फिरली आणि म्हणाली, "ओठ आणखी दाबा. माझ्याशी बोलताना तसेच असायचे."

शिल्पकाराने दाबले.

"आता बरोबर," ही म्हणाली, आणि का कोण जाणे, तिने पदराने... छे, रुमालाने डोळे पुसले. माझं लिहिणंही आता सिनेमासारखं व्हायला लागलं. मी कारण विचारलं तर म्हणाली, "अहो, तसे दाबून म्हणायच्या, 'माझा मुलगा आहे म्हणून सांगते, फार मनावर घेऊ नकोस त्याचं.'" बायकांच्या बोलण्याला शेंडाबुडखा नसतो.

२ एप्रिल, बुधवार

खालच्या पाटीचा मजकूर तयार केला. तीन दिवस लागले. 'वात्सल्यसिंधू, त्यागमूर्ती, मनोरंजन क्षेत्रातील ज्येष्ठ व्यवस्थापिका.' त्याखाली आमची तिन्ही भावंडांची नावं, वयानुक्रमे, माझ्या नावापुढे हुद्दा.

कन्येला वाचून दाखवलं. ती दर शनिवारी आजीकडे जायची, कामावरून थेट. मला वाटायचं ओव्हरटाइम करते. म्हणाली, "बाबा, त्यागमूर्ती काढ. आजीला तो शब्द डोक्यात जायचा."

"का?"

"म्हणायची, त्यागमूर्ती म्हणजे जिला तुला काय हवंय असं कुणी विचारलंच नाही ती."

"मग काय हवं होतं तिला?"

कन्या माझ्याकडे बघत राहिली. "गाडी चालवायला शिकायचं होतं. सत्तराव्या वर्षी आत्याबरोबर क्लासला गेली होती. पहिल्याच दिवशी मास्तरांना इतकं बोलली, की त्यांनी फी परत केली."

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. शब्द मात्र ठेवला. पाटीचा तोल जातो नाहीतर.

६ एप्रिल, रविवार

सोसायटीची बैठक. विषय एकच, पण तोंडं चौदा. रात्री मुलं घाबरतील. पक्षी घाण करतील, ती कोणी पुसायची? तोंड कोणत्या इमारतीकडे? बी विंगकडे पाठ म्हणजे बी विंगचा अपमान. तळमजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी मुद्दा काढला, "आज यांच्या मातोश्री, उद्या चौथ्या मजल्यावरचे त्यांच्या कुत्र्याचा मागतील." चौथ्या मजल्यावरचे दुखावले, त्यांच्या मनात खरोखरच होतं.

अखेर सेक्रेटरीने पंपाच्या खोलीशेजारची जागा दिली, स्कूटरी लावतात तिथे. हिला ती जागा आवडली नाही. पण पाण्याशी माझा जन्माचा संबंध बघता मला ती औचित्यपूर्ण वाटते.

१८ एप्रिल, शुक्रवार

मधे लिहायला उसंत नव्हती. शिल्पकार अडला होता. एकाच फोटोवरून नाक किती पुढे, कान किती मागे, कळणार कसं? मग त्यानेच तोड काढली. "साहेब, तुम्ही थोरले. ठेवण तीच असणार. तुम्ही बसा समोर." मी आधी आढेवेढे घेतले. पण लोक पहिल्यापासून म्हणत आले आहेत की मी आईवर गेलोय. म्हणजे एकदोन जण तरी.

चार वेळा जाऊन बसलो. स्टूल कडक आहे, पण तासभर कोणीतरी आपल्याकडे टक लावून बघतंय आणि मधे बोलत नाही, हा अनुभव घरी मिळत नाही.

तो म्हणाला, "नुसते बसू नका, आईंबद्दल सांगत राहा. चेहऱ्यात जीव येतो." मग मी आमच्या तत्त्वाची गोष्ट सांगितली. नोकरीला लागल्यावर आम्ही खात्यातले चौघं त्याच थेटरात सिनेमाला जायचो. पण आई खिडकीवर आहे म्हणून मी कधी वशिला लावला नाही. रांगेत उभा राहायचो, पैसे सरकवायचो, 'चार द्या' म्हणायचो. आत माझी आई बसली आहे हे त्या तिघांना शेवटपर्यंत कळलं नाही. आईही तशीच तत्त्वाची. मान वर न करता चार तिकिटं द्यायची. सुटे पैसे मात्र सावकाश मोजायची, एकदा मोजले की पुन्हा.

शिल्पकाराचे हात थांबले.

"काय झालं?"

"काही नाही, साहेब. माती सुकली." आणि तो बराच वेळ पाणी मारत बसला.

आईच्या गोष्टी पाव तासात संपल्या. मग खात्यातल्या सांगितल्या. त्या चारी दिवस पुरल्या.

२७ एप्रिल, रविवार

साचा निघाला, फायबरचा पुतळा ओतून झाला, वर ब्राँझचा रंग. मधल्याला फोटो पाठवला. त्याला ब्राँझच वाटलं. त्याने अंगठा पाठवला.

कन्या गॅरेजच्या दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, हा तुझ्यासारखा दिसतोय."

"रक्ताचं नातं आहे."

"तसं नाही. तुझ्यासारखा म्हणजे तू."

शिल्पकार कुंचले धुण्यात फारच गढून गेला होता. या पिढीला साम्य आणि एकरूपता यातला फरक कळत नाही. उद्या टेम्पो येतोय.

१० मे, शनिवार

झालं. कसं झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे रागात काही सुटायला नको.

मी खुर्च्या मांडल्या तीस, सोसायटीचे सभासद धरून. सभासद आले नऊ. पण कन्येने कुठेतरी फोनवर 'खिडकीवाल्या बाईंना आठवू या' असं काहीतरी टाकलं होतं. पाचच्या सुमारास फाटकातून भलतीच माणसं आत यायला लागली. म्हातारे, काठीवाले, एक बाई चाकाच्या खुर्चीतून. वॉचमन गोंधळला, मीही. यातल्या एकालाही मी ओळखत नव्हतो आणि सगळे आईला ओळखत होते.

माझं भाषण चालू असताना, 'वात्सल्यसिंधू'पाशी, ती खुर्चीतली बाई मोठ्याने म्हणाली, "मी एकदा घरातून पळून आले होते. कुठे जाऊ कळेना, म्हणून थेटरात शिरायला लागले. बाईंनी तिकीट दिलंच नाही. दार उघडून आत घेतलं, स्टुलावर बसवलं. म्हणाल्या, 'रडायचं तर रड, पण तिकिटं फाडता फाडता रड.' चार वर्षं फाडली मी. त्यावर शिकले."

टाळ्या पडल्या. माझ्या भाषणाला पडल्या नव्हत्या.

मग पडदा ओढला. एक काठीवाले गृहस्थ पुढे गेले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "आम्ही त्यांचा चेहरा कधी पाहिलाच नाही हो," ते म्हणाले. "खिडकीतून हातच दिसायचे. मनगटापासून पुढचे केले असतेत, तर लगेच ओळखले असते."

आणि तेवढ्यात धाकटी. ती मागे उभी होती, गळ्यात टेप तसाच, दुकानातून तडक आलेली. तिने पुतळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पुतळ्याकडे.

"अगं बाई! करायला गेला गणपती अन् झाला मारुती! दादा, हा तर तू! शाल पांघरलेला!"

आणि हसायलाच लागली. आवाज नाही, श्वास नाही, डोळे मिटलेले, तळवा कपाळावर. खुर्चीचा आधार घेत खाली बसली. आईच्या वर्षाच्या दिवशी! आणि ती परकी माणसं तिला दटावायची सोडून तिच्याभोवती जमा झाली. चाकाच्या खुर्चीतली बाई रडत रडत म्हणाली, "अश्शाच हसायच्या. अगदी अश्शाच." सगळ्यांनी पुतळ्याकडे पाठ केली आणि धाकटीकडे बघत राहिले. शिष्टाचार म्हणून काही असतो.

रात्री आरशात पाहिलं. ओठ एवढे दाबलेले नाहीत माझे.

१४ मे, बुधवार

सेक्रेटरीची नोटीस. 'संस्थेच्या आवारात हयात सभासदाचा पुतळा उभारण्यास नियमांत तरतूद नाही. सबब सात दिवसांत हलवावा.'

मी वर जाऊन भांडलो. तो म्हणाला, "साहेब, मुलं त्याला 'पाणीवाले आजोबा' म्हणायला लागली आहेत. काल कोणीतरी त्यावर हेल्मेट ठेवलं." ते हेल्मेट त्याच्याच मुलाचं होतं, हे मी पुराव्यानिशी सिद्ध केलं. उपयोग शून्य.

शिल्पकार परत घेईना. मधल्याची मीटिंग. घरात ठेवायचं म्हटलं, तर ही म्हणाली, "एक आहे तेवढा पुरे."

दुपारी धाकटीचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा हसायला.

"मला दे," ती म्हणाली.

"कशाला? चेष्टा करायला?"

"आईच्या खोलीत ठेवते. तिला तू तिथे यायला हवा होतास ना. आता राहशील तरी."

१८ मे, रविवार

टेम्पोवाल्याने पुतळा दुकानापर्यंत आणला. जिना अरुंद, म्हणून वर न्यायला मी आणि धाकटी. ती वर, मी खाली. दोनदा टेकलो. "हलका आहेस," ती म्हणाली, "दिसतोस त्या मानाने."

खोली छोटी आहे. पलंग, टीव्ही, खिडकीशी एक खुर्ची, खुर्चीच्या हातावर चष्म्याची केस. वर्ष झालं तरी धाकटीने काही हलवलेलं नाही. टीव्हीशेजारी पुतळा ठेवला. तिने तो जरा फिरवला, पलंगाकडे तोंड येईल असा.

मी पलंगावर बसलो. मग विचारलं, "आई इथे बसून काय करायची?"

"तुझी वाट बघायची, असं ऐकायचंय ना तुला? छे. सिनेमे बघायची आणि नटांना शिव्या घालायची. पत्त्यांत फसवायची. खालच्या गिऱ्हाइकांना खिडकीतून ओरडून सांगायची, हा रंग तुम्हाला शोभत नाही म्हणून. माझी चार गिऱ्हाइकं तिने तोडली." ती चादरीची सुरकुती काढत होती. "रविवारी सकाळी मात्र फोन उशाशी घेऊन बसायची."

"आज रविवार आहे," मी म्हटलं. का म्हटलं माहीत नाही.

"दुपारपर्यंत बसायची. मग म्हणायची, कामात असेल."

"पण मला तर निवृत्त होऊन..."

"तिला माहीत होतं, दादा. तुझ्या समारंभाला ती होती की."

मी पुतळ्याकडे बघितलं. तो दाबल्या ओठांनी माझ्याकडे बघत होता. शिल्पकाराने नजर चांगली जमवली आहे, हे कबूल केलं पाहिजे.

धाकटी खाली जाऊन चहा घेऊन आली. एक कप मला, एक तिला. ती खुर्चीत बसली नाही, पलंगावर माझ्या शेजारीच टेकली. जाणार आहेस का, असं तिने विचारलं नाही, आणि मीही उठलो नाही. खाली दुकानाच्या दारावर कोणीतरी दोनदा थाप मारून निघून गेलं.

चहात साखर फार पडली होती. सगळा प्यायलो.